एका फेजला १९३, दुसऱ्याला २५४ : असंतुलित लघुदाब वाहिनीवरील व्होल्टेज नियमनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

वस्तीला वीज पुरवणारे एक रोहित्र : २०० केव्हीए, ११ केव्ही / ४३३ व्होल्ट, डीवायएन ११ (वेटोळ्यांची डेल्टा-स्टार) जोडणी, इम्पिडन्स (अंतर्गत विरोध) ४.५ टक्के. टॅप, म्हणजे वेटोळ्यांची संख्या बदलून व्होल्टेज वर-खाली करणारा स्विच, उच्चदाब बाजूला, वीज बंद ठेवूनच फिरवायचा. त्याच्या पाच जागा, प्रत्येक पायरी अडीच टक्क्यांची. सुरुवातीला तो मधल्या, म्हणजे ११,००० व्होल्टच्या जागेवर होता.

रोहित्रातून निघणारी चार तारांची लघुदाब वाहिनी ४०० मीटर लांब, चाळीस-चाळीस मीटरवर दहा खांब. तिन्ही फेजना रॅबिट कंडक्टर (जाड अॅल्युमिनियमची तार) आणि न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला, त्याहून बारीक वीझल. तापलेल्या अवस्थेत रॅबिटचा रोध किलोमीटरला सुमारे ०.६ ओहम, वीझलचा सुमारे १.० ओहम. तारांची रिअॅक्टन्स (एसी प्रवाहाला चुंबकीय परिणामामुळे होणारा विरोध) किलोमीटरला साधारण ०.३ ओहम. न्यूट्रलला बारीक तार घालण्याची ही पद्धत जुनी आहे. तिन्ही फेजवर भार सारखा राहील, मग न्यूट्रलमधून फारसे काही वाहणार नाही, असे त्यामागे गृहीत धरलेले असते. या प्रकरणात ते गृहीतकच कोसळले होते.

वाहिनीवर ८४ एक-फेज जोडण्या होत्या. त्याखेरीज काही मोजके तीन-फेज ग्राहक, त्यातल्या एकाची ७.५ किलोवॉटची मोटर नवव्या खांबावर. आठव्या खांबावरच्या दोन घरांच्या छतावर प्रत्येकी ३ किलोवॉटचे सौर इन्व्हर्टर होते आणि दोन्ही बी फेजवर (तीन फेजची नावे आर, वाय आणि बी). पुरवठ्याची मर्यादा २३० व्होल्ट अधिक-उणे १० टक्के, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्ट.

तक्रार आणि पहिला उपाय

शेवटच्या तीन खांबांवरून संध्याकाळच्या कमी व्होल्टेजच्या तक्रारी येत होत्या. पंखे मंद, फ्रिजचा कॉम्प्रेसर उचलत नाही, असे त्यांचे स्वरूप. पथकाने शेवटच्या खांबावर फेज-ते-फेज व्होल्टेज मोजले : ३९१, ४०६ आणि ३९५. चारशे व्होल्टच्या हिशेबात हे आकडे वाईट नाहीत. “वाहिनी ठीक आहे, व्होल्टेज थोडे खाली आहे” असा निष्कर्ष निघाला आणि टॅप एक पायरी चढवला गेला. म्हणजे उच्चदाब बाजूचे वेटोळे कमी करून तो १०,७२५ व्होल्टच्या जागेवर आणला. लघुदाब बाजू त्यामुळे साधारण ६ व्होल्टने वर गेली.

तक्रारी थांबल्या नाहीत. आर फेजवाले अजून मंद पंख्यांबद्दल बोलत होते. बी फेजवाल्यांचे अॅडॅप्टर आणि एलईडी ड्रायव्हर जळू लागले. दुपारी दोन्ही सौर इन्व्हर्टर वाहिनीपासून आपोआप पुन्हा पुन्हा तुटत होते. एकाच खांबावरून कमी व्होल्टेजची आणि जास्त व्होल्टेजची अशा दोन्ही तक्रारी आल्या, तेव्हा टॅप परत मधल्या जागेवर नेऊन आधी नीट मोजणी करायचे ठरले.

मोजणी

तीन ठिकाणी नोंदयंत्रे लावली : रोहित्राच्या लघुदाब टर्मिनलवर, पाचव्या खांबावर आणि दहाव्या खांबावर. प्रत्येक ठिकाणी तिन्ही फेजचे न्यूट्रलच्या संदर्भातले व्होल्टेज नोंदले, रोहित्रापाशी चारही तारांचा करंटही घेतला. न्यूट्रलला चौथा क्लॅम्प लावायचा कंटाळा केला, तर अशा प्रकरणात महत्त्वाचा आकडाच हातातून सुटतो. कालावधी सात दिवसांचा, म्हणजे कामाचे दिवस आणि सुट्टी दोन्ही त्यात येतात. नोंद १० मिनिटांच्या सरासरीची आणि शिवाय दर मिनिटाची. मिनिटाच्या नोंदीचा उपयोग दुपारी झाला. इन्व्हर्टर जोडला जाऊन व्होल्टेज चढायचे, संरक्षण त्याला तोडायचे, व्होल्टेज उतरायचे आणि पुन्हा तेच. दहा मिनिटांच्या सरासरीत ही शिखरे पुसट होतात.

संध्याकाळच्या शिखर भाराला मिळालेले आकडे असे :

रोहित्रापाशी करंट : आर १८० अँपिअर, वाय ९५, बी ७०, न्यूट्रल १००.
रोहित्रापाशी व्होल्टेज : आर २४३, वाय २४५, बी २४६.
दहाव्या खांबावर व्होल्टेज : आर १९३, वाय २४०, बी २५४.

भर दुपारी, इन्व्हर्टर पूर्ण क्षमतेने चालू असताना दहाव्या खांबावर आर २२९, वाय २३८ आणि बी २६५ पर्यंत.

इथे एक गोष्ट डोळ्यात भरते. बी फेजचे व्होल्टेज संध्याकाळी, सूर्य मावळल्यावरही, रोहित्रापासून दूर जाताना वाढत होते : २४६ चे २५४. भार असलेल्या तारेत व्होल्टेज पडायला हवे. ते वाढते आहे, याचा अर्थ न्यूट्रलच जागेवर नाही.

दुखणे नेमके कुठे

भार वाहिनीभर साधारण सारखा पसरलेला असेल, तर शेवटच्या टोकाची व्होल्टेज घट काढताना पूर्ण करंट अर्ध्या लांबीवर आहे असे धरता येते. इथे २०० मीटर. पॉवर फॅक्टर (एकूण शक्तीपैकी प्रत्यक्ष कामाचा वाटा) ०.९ धरला, की रॅबिटची परिणामी किंमत किलोमीटरला ०.६७ ओहम आणि वीझलची १.०३ ओहम येते.

आर फेजच्या तारेतली घट : १८० × ०.२ × ०.६७, म्हणजे २४ व्होल्ट. न्यूट्रलच्या १०० अँपिअरपैकी ९७ अँपिअरहून थोडा अधिक घटक आर फेजच्याच दिशेचा होता. त्याने न्यूट्रलमध्ये २० व्होल्ट खाल्ले. एकूण ४४. रोहित्रापाशी २४३ असताना टोकाला १९९ मिळायला हवे होते. प्रत्यक्षात १९३ होते. हिशेब आणि मोजणी यांत ६ व्होल्टची तफावत. बी फेजवर हिशेब २५० सांगत होता, मोजणी २५४. आर खाली आणि बी वर, अशा उलट दिशांना जाणारी तफावत फेजच्या तारेतल्या दोषाने येत नाही. न्यूट्रलमध्ये कुठेतरी हिशेबात न धरलेला रोध होता.

संध्याकाळच्या भारात थर्मल कॅमेऱ्याने खांबागणिक जोड पाहिले. पाचव्या खांबावरचा न्यूट्रलचा पीजी क्लॅम्प (दोन तारा समांतर खाचांत आवळणारा जोड) शेजारच्या तारेपेक्षा ठळकपणे गरम होता. त्या जागेपुढे न्यूट्रलमध्ये सुमारे ५० अँपिअर वाहतात. ६ व्होल्टला ५० ने भागले, की जोडाचा रोध ०.१२ ओहम येतो. म्हणजे त्या एका क्लॅम्पमध्ये ३०० वॉट उष्णता. असा जोड आज गरम असतो आणि पुढे कधीतरी सुटतो. न्यूट्रल सुटला, की पुढच्या सगळ्या एक-फेज ग्राहकांना भाराच्या प्रमाणात वाटेल ते व्होल्टेज मिळते. कमी भाराच्या फेजवर ते ३०० च्या वर जाऊ शकते. त्यामुळे बाकी काही ठरण्याआधी हा जोड हाती घ्यायचा, यावर चर्चेची गरजच पडली नाही.

आता फेज-ते-फेज मोजणीने फसवले कसे, तेही स्पष्ट होते. आर फेजच्या ५० व्होल्ट घटीपैकी २६ व्होल्ट न्यूट्रलमध्ये, तार आणि जोड मिळून. दोन फेजमध्ये मीटर लावला, की न्यूट्रल मोजमापातून पूर्ण बाहेर पडतो. ३९१, ४०६, ३९५ या आकड्यांत जे असंतुलन दिसते ते ऋण क्रमाचे (मोटरला उलट फिरवू पाहणारा घटक), इथे सुमारे सव्वादोन टक्के. शून्य क्रमाचे, म्हणजे न्यूट्रल जागेवरून सरकल्याने येणारे असंतुलन मात्र १३ टक्क्यांच्या आसपास होते. युरोपीय मानक ५०१६० मधली २ टक्क्यांची असंतुलन मर्यादा फक्त ऋण क्रमासाठी आहे. तिच्यावर बोट ठेवून पाहिले तर ही वाहिनी जेमतेम मर्यादेबाहेर वाटते. एक-फेज ग्राहकाच्या घरात मात्र १९३ व्होल्ट येत होते.

ऋण क्रमाचा त्रास मोटरला होतो. व्होल्टेजमधल्या असंतुलनाच्या सहा ते दहा पट असंतुलन मोटरच्या करंटमध्ये उतरते. नवव्या खांबावरच्या मोटरचा ओव्हरलोड रिले संध्याकाळी का पडतो, याचे उत्तर त्यात होते.

टॅपने हे का सुटणार नव्हते

या प्रकरणातला कळीचा हिशेब एका वजाबाकीचा आहे. परवानगी असलेला पट्टा २०७ ते २५३, म्हणजे ४६ व्होल्ट रुंद. त्याच खांबावर, त्याच क्षणी आर आणि बी यांत अंतर २५४ उणे १९३, म्हणजे ६१ व्होल्ट. टॅप तिन्ही फेजना एकत्र वर किंवा खाली नेतो, त्यांच्यातले अंतर तो कमी करत नाही. ६१ व्होल्टचा पसारा ४६ व्होल्टच्या पट्ट्यात बसवणारी टॅपची जागा असूच शकत नाही. दुपारचा बी आणि संध्याकाळचा आर एकत्र धरले तर पसारा ७२ व्होल्टचा होतो. स्वयंचलित टॅप असता तरी तो संध्याकाळी आर आणि बी यांतल्या एकाचीच बाजू घेऊ शकला असता.

म्हणून कोणत्याही असंतुलित वाहिनीवर नियमनाचे साधन निवडण्याआधी हा पसारा काढावा. तो पट्ट्याहून मोठा असेल तर आधी पसारा कमी करायचा आणि मग पातळी ठरवायची. क्रम उलटा केला, की एका फेजची तक्रार दुसऱ्या फेजकडे सरकते.

तपासलेले पर्याय

*शेवटच्या टप्प्यात कपॅसिटर.* वाहिनीत रोध रिअॅक्टन्सच्या दुप्पट आहे, त्यामुळे कपॅसिटरचा जोर कमी पडतो. टोकाला प्रत्येक फेजवर १० केव्हीएआर (रिअॅक्टिव्ह, म्हणजे प्रत्यक्ष काम न करणाऱ्या शक्तीचे एकक) लावले तरी सुमारे ५ व्होल्ट मिळाले असते, तेही तिन्ही फेजना. दुपारच्या बी फेजला ते नकोच होते. हा पर्याय लवकर बाद झाला.

*इन्व्हर्टरच्या पॉवर फॅक्टरची सेटिंग बदलणे.* ०.९५ वर रिअॅक्टिव्ह शक्ती शोषायला लावले तर ३ किलोवॉटच्या इन्व्हर्टरमागे १ केव्हीएआर. परिणाम एका व्होल्टच्याही आत. कारण वरचेच. लघुदाब वाहिनीवर हा उपाय नेहमी सुचवला जातो, पण जिथे रोधच जास्त आहे तिथे त्याच्याकडून फार अपेक्षा धरू नये.

*पाचव्या खांबावर प्रत्येक फेजला स्वतंत्र नियामक.* हा गंभीर पर्याय होता. आर फेज उचलता येतो, बी फेज उतरवता येतो, दोन्ही एकाच वेळी. पण नियामकाने १० टक्के उचलले, की अलीकडच्या तारेतला त्या फेजचा करंट १० टक्क्यांनी वाढतो आणि आधीच भारलेली आर तार आणखी भारते. न्यूट्रलमधले १०० अँपिअर कमी होत नाहीत, नुकसानही कमी होत नाही. शिवाय देखभालीचे एक नवे उपकरण खांबावर चढते. हा पर्याय राखीव ठेवला.

*झिगझॅग वाइंडिंगचा बॅलन्सर टोकाशी.* शून्य क्रमाच्या करंटला तिथेच वाट मिळते, त्यामुळे न्यूट्रल हलका होतो. तांत्रिकदृष्ट्या दुखण्यावर थेट बोट ठेवणारा उपाय. अडचण सुरक्षेची आहे. रोहित्राकडचा एका फेजचा फ्यूज उडाला तर बॅलन्सर त्या उघड्या फेजला मागून वीज देतो. मृत समजलेली तार जिवंत राहते. तिन्ही फेज एकदम तोडणारा ब्रेकर असल्याशिवाय हे लावू नये, आणि इथे साधे फ्यूज होते.

*पूर्ण न्यूट्रल रॅबिटचा करणे.* १.०३ ऐवजी ०.६७, म्हणजे न्यूट्रलमधली २० व्होल्टची घट १३ वर येते. आर फेजला ७ व्होल्ट मिळाले असते. चांगले, पण एकट्याने पुरेसे नाही.

*उच्चदाब वाहिनी पुढे नेऊन मध्यावर दुसरे रोहित्र.* व्होल्टेजच्या दृष्टीने सर्वात भक्कम. भारही अर्धा आणि लांबीही अर्धी होते, म्हणून घट साधारण चौथाईवर येते. मात्र रोहित्र एकूण क्षमतेने अजिबात भरलेले नव्हते. २६७ अँपिअरच्या रोहित्रावर सर्वात जड फेज १८० अँपिअरचा. क्षमता कमी नसताना दुसरे रोहित्र उभे करायचे, हे पटण्यासारखे नव्हते.

*जोडण्यांचे फेज बदलणे.* साहित्य जवळपास नाही, काम काही तासांचे. पण कोणती जोडणी कोणत्या फेजवर आहे याची विश्वासार्ह यादी लागते, आणि ती नव्हती.

ठरले ते असे : आधी न्यूट्रलचा जोड, मग फेज-बदल, मग पुन्हा मोजणी आणि सर्वात शेवटी टॅप. न्यूट्रलची तार बदलण्याचा निर्णय मोजणीनंतरसाठी ठेवला.

फेजची यादी

स्मार्ट मीटरमध्ये दर पंधरा मिनिटांचे व्होल्टेज साठलेले होते. प्रत्येक मीटरचा आलेख रोहित्राजवळच्या आणि टोकाच्या नोंदयंत्रातल्या तिन्ही फेजशी जुळवून पाहिला. असंतुलन मोठे असल्यामुळे आलेख एकमेकांपासून स्पष्ट वेगळे पडत होते. जे संदिग्ध राहिले, ते फेज ओळखण्याच्या उपकरणाने जागेवर तपासले. यादी निघाली : आर ४३, वाय २३, बी १८.

खांबांवर नजरेने केलेली जुनी यादी आणि ही यादी सहा जोडण्यांवर जुळेना. सहाव्या खांबावर जंपर (खांबावर तारांना जोडणारा तुकडा) बदलताना आर आणि वाय यांची अदलाबदल झालेली होती. तिथून पुढे वरची तार आर ऐवजी वाय होती. हा जंपर “दुरुस्त” करायचा मोह टाळला. पुढच्या तीन-फेज ग्राहकाने फेजचा क्रम आपल्या स्टार्टरपाशी जुळवून घेतला होता. जंपर फिरवला असता तर त्याची मोटर उलटी फिरली असती. सहाव्या खांबावर रंगाची खूण केली आणि नकाशात नोंद घेतली.

कोणाला हलवायचे

पहिली सूचना होती जोडण्या सारख्या वाटायची : २८, २८, २८. ती नाकारली, कारण जोडण्यांची संख्या म्हणजे करंट नव्हे. महिन्याची युनिट पाहून वाटणे हेही अपुरे आहे. दिवसा चालणारे आणि रात्री चालणारे, दोघेही महिन्याअखेर सारखेच दिसतात. म्हणून मीटरच्या नोंदींतून दोन कालखंडांचा भार काढला : संध्याकाळी ७ ते १० आणि दुपारी ११ ते ३.

दुसरी सूचना अधिक फसवी होती. रोहित्राजवळच्या पहिल्या खांबावरून ३० अँपिअर भार आर वरून काढून १० वाय वर आणि २० बी वर टाकायचा. काम सोपे, वीज थोडा वेळ बंद. कागदावर रोहित्रापाशी करंट १५०, १०५, ९० होतो आणि न्यूट्रल १०० वरून ५४ वर येतो. रोहित्रावर क्लॅम्प मीटर लावणारा कोणीही समाधानी झाला असता. पण हा भार ४० मीटरवर होता. टोकाच्या आर फेजला त्यातून मिळणार होते जेमतेम ३ व्होल्ट. तेच ३० अँपिअर ३५० मीटरवरून हलवले तर सुमारे २३ व्होल्ट मिळतात.

त्यामुळे प्रत्येक जोडणीचा अँपिअर आणि अंतर यांचा गुणाकार काढला आणि निवड दहाव्या खांबापासून सुरू करून मागे सरकत केली. प्रत्येक टप्प्यानंतर त्या भागातला न्यूट्रलचा करंट तपासला, नुसती रोहित्रापाशी बेरीज पाहिली नाही. ८४ जोडण्या, प्रत्येकीला तीन फेज. सगळ्या शक्यता तपासणे अशक्य असते, पण गरजही नसते. टोकाकडून एकेक जोडणी हलवत जायचे आणि पुढची हलवून विशेष फायदा दिसेना, की थांबायचे. पंधराव्या जोडणीनंतर फायदा एका व्होल्टच्या आत आला. तिथे थांबले.

अंतिम यादी : आर वरून १४ जोडण्या काढायच्या, ५ वाय वर आणि ९ बी वर. शिवाय बी वरच्या दोन सौर घरांपैकी एक आर वर. नवी वाटणी आर ३०, वाय २८, बी २६. तीन-फेज ग्राहकांना हात लावला नाही.

कृती

काम दोन नियोजित बंदमध्ये झाले. रोहित्राचा लघुदाब पुरवठा तोडून, कुलूप लावून, दोन्ही सौर ग्राहकांचे एसी ब्रेकर उघडले. वीज गेल्यावर इन्व्हर्टर आपोआप बंद होतो हे खरे असले, तरी तारेवर हात टाकण्याचा आधार तो नसावा. वीज नसल्याची खात्री प्रत्येक फेज आणि न्यूट्रल या दोन्हींवर केली, मग कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ केले.

पाचव्या खांबावरचा जुना क्लॅम्प काढल्यावर तारेवर पांढरट ऑक्साइडचा थर दिसला. तार वायर ब्रशने घासून, जोडणीचे ग्रीस लावून नवीन क्लॅम्प दोन ठिकाणी, ठरलेल्या टॉर्कने आवळले. अॅल्युमिनियमच्या मुख्य तारेवर तांब्याची सर्व्हिस वायर येते तिथे द्विधातू कनेक्टर वापरले. साधा क्लॅम्प तिथे काही पावसाळ्यांत याच अवस्थेला येतो. उरलेल्या नऊ खांबांवरचे न्यूट्रल जोडही उघडून तपासले, टोकाच्या खांबावर न्यूट्रलचे अर्थिंग मोजले.

फेज बदलताना फक्त फेजची तार हलवली, न्यूट्रल जिथल्या तिथे. एका इमारतीत दोन जोडण्या वेगवेगळ्या फेजवर होत्या आणि इमारतीत शिरणारा न्यूट्रल त्यांच्यात सामायिक निघाला. त्या दोन्ही एकाच फेजवर आणल्या असत्या, तर दोघांच्या करंटची बेरीज त्या एका बारीक न्यूट्रलवर पडली असती. त्यामुळे यादीतली ती जोडणी वगळून पुढची घेतली.

आधी केवळ जोड दुरुस्त करून पुरवठा सुरू केला आणि दोन दिवस नोंद घेतली. फेज-बदल त्यानंतरच्या बंदमध्ये. दोन्ही एकाच वेळी केले असते तर एक बंद वाचला असता, पण कोणत्या कामाने किती दिले हे कधीच कळले नसते.

निकाल

जोड दुरुस्त झाल्यावर संध्याकाळी दहाव्या खांबावर आर १९९, वाय २३९, बी २५०. टॅपच्या एका पायरीने आर फेजला जे ६ व्होल्ट मिळाले होते, तेच या एका क्लॅम्पने दिले. फरक असा, की टॅपने बी फेज ६ व्होल्ट वर नेला होता आणि क्लॅम्पने तो ४ व्होल्ट खाली आणला.

फेज बदलल्यानंतर रोहित्रापाशी संध्याकाळचा करंट आर १२८, वाय ११८, बी १०१, न्यूट्रल २४. दहाव्या खांबावर आर २२३, वाय २२८, बी २३६. त्या क्षणीचा पसारा ६१ वरून १३ व्होल्टवर. दुपारी आर २४५, वाय २३९, बी २४८. इन्व्हर्टर तुटणे थांबले. ऋण क्रमाचे असंतुलन सुमारे ०.६ टक्क्यावर आले आणि मोटरचा रिले पडणे बंद झाले. शिखर भाराला तारांमधले नुकसान जोडासह सुमारे ५.३ किलोवॉट होते, ते ३.३ वर आले.

आता टॅपचा प्रश्न पुन्हा समोर ठेवला. पूर्ण दिवसाचा पसारा २२३ ते २४८, मध्य २३५ च्या पुढे. पट्ट्याचा मध्य २३०. वरच्या बाजूला फक्त ५ व्होल्ट शिल्लक, खालच्या बाजूला १६. टॅप एक पायरी *उतरवला*, ११,२७५ च्या जागेवर. टोकाला संध्याकाळी आर २१७, वाय २२२, बी २३०, दुपारी २३९, २३३, २४२. ज्या वाहिनीवर कमी व्होल्टेजची तक्रार होती, तिची गरज मुळात टॅप उतरवण्याची होती. पायरी फिरवल्यावर, पुरवठा सुरू करण्याआधी, वाइंडिंगचा रोध आणि गुणोत्तर तिन्ही फेजवर तपासले. बराच काळ न हललेल्या टॅपचे स्पर्शबिंदू नीट बसले नाहीत तर तिथेही पाचव्या खांबासारखाच गरम जोड तयार होतो, फक्त तो तेलाच्या आत असतो.

निर्णयाच्या जागा : काय वेगळे करता आले असते

पहिल्या भेटीत मीटरची एक सुई न्यूट्रलवर ठेवली असती, तर टॅप चढवण्याचा निर्णय झालाच नसता. तीन फेज, तीन आकडे, रोहित्रापाशी आणि टोकाशी : हे काम अर्ध्या तासाचे आहे. टॅप चढवण्याआधी त्या सहा आकड्यांची नोंद सक्तीची असावी.

सौर जोडण्या मंजूर करताना रोहित्राची क्षमता तपासली गेली, फेज तपासला गेला नाही. ३ किलोवॉट म्हणजे १२ अँपिअर. आठव्या खांबावर फेज आणि न्यूट्रल मिळून एका इन्व्हर्टरचा चढ ६ व्होल्ट. दोन एकाच फेजवर आले, की १२. वेगळ्या फेजवर टाकायला तेव्हा काहीच जास्त लागले नसते.

न्यूट्रलची तार बदलायची की नाही, यावर मतभेद राहिले आणि ते रास्त आहेत. न्यूट्रल २४ अँपिअरवर आल्यावर त्यातली घट ५ व्होल्टच्या आसपासच उरते, म्हणून बदल पुढे ढकलला. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे, की फेजचे संतुलन हे घरांच्या सवयींवर उभे आहे. ऋतू बदलला, एखाद्या घरात मोठे उपकरण आले, की ते हलते. जाड न्यूट्रल हलत नाही. तडजोड म्हणून वर्षातून दोनदा, उन्हाळी आणि हिवाळी शिखर भाराला, टोकाची तीन-फेज नोंद घ्यायचे ठरले, आणि न्यूट्रल सतत ४० अँपिअरच्या वर दिसला तर तार बदलायची.

लगेच आलेला पुढचा प्रश्न

काम संपल्यानंतर नवव्या खांबावरून ई-वाहनाच्या चार्जरसाठी अर्ज आला. एक-फेज, ७.२ किलोवॉट, ३२ अँपिअर. ३६० मीटरवर हा करंट फेज आणि वीझल न्यूट्रल मिळून १८ व्होल्ट खातो. आर वर दिला तर संध्याकाळी १९९. वाय वर २०४. बी वर २१२, म्हणजे नेहमीच्या दिवशी चालेल, पण उच्चदाब बाजू १०.६ केव्हीवर उतरली की तोही २०७ च्या खाली. न्यूट्रल रॅबिटचा केला तरी घट १४ व्होल्टची राहते.

११ किलोवॉटचा तीन-फेज चार्जर प्रत्येक फेजला १६ अँपिअर घेतो आणि न्यूट्रलमध्ये जवळपास काहीच टाकत नाही. त्याची घट प्रत्येक फेजला साडेतीन व्होल्ट. अर्जदाराला तीन-फेज जोडणी देऊ केली, आणि या वाहिनीवर पाचव्या खांबापुढे १६ अँपिअरच्या वरचे कोणतेही एक-फेज उपकरण फेज व अंतराचा हिशेब केल्याशिवाय मंजूर करायचे नाही, अशी नोंद वाहिनीच्या नकाशावरच करून ठेवली.